ह्यांच्या हातचं इंजिन

सकाळी शटर वर केलं आणि गाडीखालचा पुठ्ठा ओढून बाहेर काढला. मधोमध तेलाचा डाग होता, भाकरीएवढा. मागच्या अंगाला आणखी एक, लहान. मामंजींनी पुठ्ठा हातात घेतला, उजेडाकडे तिरका धरून बघितला आणि भिंतीला टेकवून ठेवला. तिथं आधीचे पुठ्ठे होतेच.

"कालच्यापेक्षा कमी हाय," मी म्हटलं.

"कमी न्हाई. जागा बदललीय."

गाडी म्हणजे जुनी फियाट, जिला आमच्याकडे सगळे डुक्कर फियाट म्हणायचे. इचलकरंजीच्या बाळगोंडा मगदूमांच्या वडिलांनी ती हौसेनं घेतली होती. वडील गेल्यावर ती मागांच्या शेडमध्ये सुताच्या पोत्यांमागं पडून राहिली, आणि मग एकाएकी मगदूमांना तिचं प्रेम उतू आलं. धाकट्या लेकीची पाठवणी ह्याच गाडीतून करायची म्हणून त्यांनी ती टेम्पोवर घालून कोल्हापूरला, उद्यमनगरात, आमच्या वर्कशॉपमध्ये आणून टाकली. इंजिन जाम झालेलं. ते उतरवायचं, पूर्ण खोलायचं आणि नव्यानं बांधायचं, असं ठरलं. उतरवलं माझ्या नवऱ्यानं.

त्यांचं नाव जयसिंग. मी जन्मभर 'हे'च म्हणत आले, इथंही तसंच म्हणते.

हे गेले तेव्हा शिमगा नुकताच होऊन गेला होता. सकाळी अंघोळीला गेले. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद होईना, म्हणून मी हाक मारली. एवढंच. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं, सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मी आणि मामंजी उरलो. ज्ञानू मिस्त्री म्हणून अख्खं उद्यमनगर त्यांना ओळखायचं, पण मोतीबिंदू वाढला तसं त्यांनी काम लेकाच्या हाती सोपवलं होतं आणि स्वतः पाने पुसत बसायचे.

आदल्या दिवशी डबा घेऊन निघताना हे मला म्हणाले होते, "मगदूमांचं इंजिन आज बांधून टाकतो." ते वाक्य माझ्या डोक्यात राहून गेलं. त्या इंजिनाची पॅकिंगं मीच कापली होती. दोन लोखंडी भाग एकमेकांवर बसतात, त्यांच्या फटीतून तेल येऊ नये म्हणून मध्ये कागदाचा नाहीतर बुचाचा पातळ थर लागतो, ते पॅकिंग. जुन्या गाड्यांचं तयार मिळायचं नाही. मग शीट त्या भागावर ठेवायची, कडेकडेनं हलक्या हातानं हातोडी मारत जायची, की आकार उठतो. हे काम आधी सासूबाई करायच्या. बाकीच्या सुनांना सासूकडून पाटल्या मिळतात, मला हातोडी मिळाली. तक्रार नाही. पाटल्यांपेक्षा ती जास्त टिकली.

तेराव्यानंतर भाऊ मला गडहिंग्लजला माहेरी घेऊन गेला. तिथं बायका यायच्या, गळ्यात पडून रडायच्या, त्यांचे पदर ओले व्हायचे आणि मी त्यांची समजूत काढत बसायची. माघारी बोलायच्याही, बाई घट्ट आहे म्हणून. घट्ट कसली? मला काही वाटतच नव्हतं. भात खाल्ला काय आणि खडू खाल्ला काय, जिभेला दोन्ही सारखंच लागत होतं. आई काळजीनं माझ्या तोंडाकडे बघत राहायची. एके दिवशी मला तेही नको झालं आणि मी एसटीत बसून परत आले.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गेले. स्टँडवर इंजिन उभं होतं. पूर्ण बांधलेलं, वर राखाडी रंग मारलेलं. मी त्याच्यावर हात ठेवला. लोखंड गार होतं.

"ह्यांनी बांधलं," मी म्हटलं.

मामंजी कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पाना पुसायला लागले.

तेव्हापासून मी रोज जायला लागले. स्टूल टाकून इंजिनाजवळ बसायची. मामंजींनी शेजारच्या यल्लाप्पाला बोलावून ते गाडीत चढवलं, तर मी स्टूल उचलून गाडीजवळ नेलं. हे आत कुठंतरी आहेत असं मला वाटायचं, असं नाही. वेडी नव्हते मी. पण आतला एकेक नट त्यांनी आवळलेला होता, आणि ते जोवर बंद होतं तोवर त्यांचं काहीतरी माझ्याजवळ होतं. ते कुणी खोललं असतं तर तेही गेलं असतं. मला एवढंच कळत होतं आणि तेवढ्यावर माझे दिवस चालले होते.

आणि नेमकं त्याच इंजिनातून तेल गळायला लागलं.

त्या सकाळी मगदूम आले. पांढरा सदरा, पायात करकरणारी चप्पल. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, भिंतीला टेकलेले पुठ्ठे बघितले.

"मिस्त्री, हे काय प्रदर्शन मांडलंय?"

"बघालोय की, मालक," मामंजी म्हणाले.

"अवो, लग्न तोंडावर आलंय. पाव्हण्यांच्या दारात गाडी उभी केली आणि खाली तेलाची रांगोळी पडली, तर काय म्हणतील लोक?" मग त्यांना मी दिसले आणि त्यांचा आवाज खाली आला. "वहिनी, तुमचं दुःख मला कळतंय. जयसिंगभाऊंचा हात मी बघितलेला हाय. पन पुण्याला एकजण हाय, जुन्या गाड्यांचाच माणूस. तो म्हणतोय इंजिन खोलल्याबिगर कळायचं न्हाई. रविवारी टेम्पो घेऊन येतो, गाडी त्याच्याकडं टाकतो."

"खोलायचं न्हाई," मी म्हटलं.

मगदूमांनी मामंजींकडे बघितलं. मामंजी जमिनीकडे बघत म्हणाले, "शालन, तेल मागच्या सीलमधनं येत असलं तर खोलावंच लागतंय. त्याला इलाज न्हाई."

"ह्यांनी बसवलेलं सील कधी गेलंय का आजपतूर? तुम्हीच सांगा मामंजी."

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, लेकाचं नाव निघालं म्हणून त्यांना भरून आलं.

"रविवारपतूर बाहेरनंच शोधून काढू," मी मगदूमांना म्हटलं. "न्हाई सापडलं तर न्या पुण्याला."

मगदूम चप्पल करकरत गेले. मी घरी गेले आणि पावडरचा डबा पिशवीत घालून परत निघाले. समोरच्या आक्का दारातच उभ्या होत्या. विधवा बाई भरदुपारी पावडरचा डबा घेऊन कुठं निघाली, हा प्रश्न त्यांच्या कपाळावर मावत नव्हता. मी त्यांना सांगितलं, इंजिनाला लावायचीय. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांना मी बिघडलेली वाटले की वेडी झालेली, ते मी कधी विचारलं नाही.

तेल गळतं तिथं दिसत नाही. ते बारीक धारेनं कडेकडेनं वाहत येतं आणि भलत्याच ठिकाणी थेंब होऊन पडतं. म्हणून आधी इंजिन रॉकेलनं लख्ख धुवायचं, वाळवायचं आणि त्याच्यावर पावडर फुंकायची. मग चालू करायचं. जिथून तेल सुटतं तिथं पांढऱ्यात काळी रेघ उमटते. हे ह्यांच्याकडून मी शेकडो वेळा ऐकलं होतं, बघितलं एकदाही नव्हतं. मामंजी गाडीखालच्या खड्ड्यात उतरून खालची बाजू बघायचे. मोतीबिंदूच्या डोळ्यांना काळं-पांढरं तेवढं कळायचं. वरची बाजू माझ्याकडे.

पहिली रेघ वरच्या झाकणाच्या कडेला उमटली. मी बुचाचं नवं पॅकिंग कापलं. जुनं काढताना दिसलं, शेलॅक, म्हणजे पॅकिंगला लावायचा लाखेचा चिकटा, फटीतून बाहेर येऊन तसाच वाळला होता. हे तो नेहमी बोटानं निपटून घ्यायचे आणि बोट भिंतीला पुसायचे. भिंतीवर त्या बोटांचे तपकिरी पट्टे आहेतच. घाईत राहिलं असेल, मी मनाशी म्हटलं.

झाकण कोरडं झालं, तर तेल पेट्रोलच्या पंपाजवळून यायला लागलं. तिथलं पॅकिंग बदललं. मग चेंबरच्या, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीच्या कडेनं यायला लागलं. मामंजींनी तिथले बोल्ट एकेक करून आवळले. तिथं थांबलं आणि मागं वाढलं.

"एक दार लावलं की दुसरं उघडतंय," मामंजी खड्ड्यातून म्हणाले. "आता मागचंच ऱ्हायलंय. ते खोलल्याबिगर..."

"अजून रविवार आला न्हाई."

ते पुन्हा बोल्ट आवळायला लागले. त्या दिवसांत आमचं बोलणं तेवढंच असायचं. इकडं कोरडं, तिकडं ओलं. दुपारी मी डबा उघडायची, अर्धी भाकरी त्यांच्यापुढे सरकवायची, अर्धी मी चावायची. ते माझ्याकडे बघायचे आणि मी त्यांच्याकडे बघितलं की नजर काढून घ्यायचे. मी ते मनावर घेतलं नाही. माझ्या मनावर काही येतच नव्हतं.

शनिवारी सकाळी मी तेल भरलं. पुन्हा धुतलं, पावडर फुंकली, मामंजी खाली उतरले आणि मी गाडी चालू केली. इंजिन छान चाललं होतं. आवाज एकसारखा, गोड. मी पुढं येऊन वाकले तर गरम, तेलकट वाफ फुस्सकन माझ्या तोंडावर आली. तेल भरायच्या तोंडाचं झाकण लावायला मी विसरले होते. ते बॅटरीवर तसंच पडलं होतं. मी पदरानं तोंड पुसत झाकण उचललं.

खालून मामंजींची हाक आली. "काय केलंस गं?"

"काय न्हाई. का?"

"मागनं ठिबकायचं कमी आलंय. पार थांबल्यागत."

मी झाकण लावलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, पुन्हा सुरू झालं. मी झाकण काढलं. वाफ आली, आणि खाली थेंब मंदावला. असं आम्ही कितीतरी वेळा करून बघितलं. मी लावायची, काढायची, ते खालून सांगायचे. शेवटी मी इंजिन बंद केलं आणि ते धापा टाकत वर आले.

"आत दाब तुंबालाय," मी म्हटलं. "म्हणून मिळंल तिथनं तेल ढकलतंय."

"पिस्टनच्या रिंगा धरल्या नसतील. गॅस खाली उतरत असंल. म्हणजे खोलायचंच की."

"गॅस उतरला तरी बाहेर पडायला ब्रीदरचा पाइप असतोय न्हवं?"

"तो मोकळा हाय. मी फुंकून बघून मगच लावलाय."

कधी फुंकला, कधी लावला, हे मी विचारलं नाही. ते बोलणं माझ्या कानावरून गेलं. मी पुन्हा इंजिन चालू केलं, गाडीच्या कडेला जमिनीवर बसले आणि त्या पाइपच्या खालच्या तोंडाशी हात धरला. आतली सगळी वाफ तिथून बाहेर पडायला हवी. तळहाताला काहीच लागलं नाही. झुळूकही नाही.

पाइप दोनच बोल्टांवर असतो. तो काढायला इंजिन खोलावं लागत नाही. मी बोल्ट काढले, पाइप तोंडाला लावून फुंकला. मोकळा होता. मग तो जिथं बसतो त्या भोकाकडे बघितलं, तर भोक नव्हतंच. राखाडी लोखंड दिसत होतं, बाजूच्या लोखंडासारखंच. मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं. ते मऊ लागलं.

रंग मारताना इंजिनाच्या सगळ्या भोकांत फडक्याचे बोळे कोंबतात, आत रंग जाऊ नये म्हणून. ह्यांची एक रीत होती. बोळा लालच फडक्याचा घ्यायचे आणि त्याचं शेपूट बाहेर लोंबत ठेवायचे. कितीही घाई असो, लाल शेपूट दिसलं की हात आपोआप जातो, असं म्हणायचे. हा बोळा लाल नव्हता आणि त्याला शेपूट नव्हतं. आत दाबून बसवलेला होता आणि त्याच्यावरूनच रंग मारला होता. रंग वाळल्यावर तो लोखंडात मिसळून गेला. धड डोळ्यांच्या माणसालाही चटकन दिसला नसता.

मी तारेचा आकडा करून तो ओढला. अडकत अडकत बाहेर आला. तेलानं जड झालेला. एका बाजूला राखाडी रंगाचं कडक पापुद्र्याचं टोक, बाकीचं पांढरं असावं असं. मी तो मडगार्डवर ठेवून उलगडला. टॉवेलचा फाडलेला तुकडा होता, आणि त्याला जांभळी किनार होती.

ती किनार मी ओळखली. आमच्याकडे तेराव्याला पैपाहुणे घरातल्या कर्त्या माणसाच्या डोक्यावर टोपी ठेवतात आणि खांद्यावर टॉवेल टाकतात. दुखवट्याची रीत. त्या दिवशी मामंजींच्या खांद्यावर असे बरेच टॉवेल पडले, सगळे साधे पांढरे. जांभळ्या किनारीचा एकच होता. तो माझ्या भावानं येताना गडहिंग्लजच्या बाजारातून घेतला होता, आणि बायकांत त्यावर कुजबूजही झाली होती, की दुखवट्याला असला रंगीत काठाचा आणतात का. म्हणून मला तो पक्का लक्षात होता.

हे जिवंत होते तेव्हा तो टॉवेल गडहिंग्लजच्या दुकानात होता.

मामंजी माझ्या मागं येऊन थांबले होते. त्यांनी वाकून, डोळे बारीक करून मडगार्डवर काय आहे ते बघितलं. मग हात लावून बघितलं.

"हा दादानं आणलेला," मी म्हटलं.

"व्हय."

"म्हणजे रंग तुम्ही मारला."

"रंग मी मारला."

"आणि बांधलं कुणी?"

ते माझ्या स्टुलावर बसले. हात दोन्ही गुडघ्यांवर ठेवले. "मीच बांधलं. तू माहेराला गेलीस तवा."

"सगळं?"

"सगळं. त्यानं नुसतं धुऊन परातीत मांडून ठेवलेलं. एक नट लावला नव्हता पोरी. शटर उघडलं की ते तसं समोर दिसायचं. मला बघवंना. म्हटलं, अर्धवट टाकून गेला असं कुणी म्हणाया नको. हातानं चाचपत चाचपत बांधलं."

"मला ते म्हणाले होते, आज बांधून टाकतो."

"म्हणाला असंल."

"मग दिवसभर काय केलं त्यांनी?"

त्यांनी भिंतीकडेच्या बाकड्याकडे बघितलं. रस्त्यावरून लोखंडी पट्ट्या भरलेला हातगाडा खणखणत गेला. तो गेल्यावर मी पुन्हा विचारलं.

"बसून होता," ते म्हणाले. "त्या बाकड्यावर. छातीत जळजळतंय म्हणाला. मी म्हटलं, पित्त झालं असंल. कोपऱ्यावरनं सोडा आणून दिला. प्याला, ढेकर दिला, म्हणाला बरं वाटालंय. दुपारच्याला परत जळजळाय लागलं. परत सोडा आणला मी." त्यांनी मागच्या भिंतीकडे हात केला. "दवाखाना मागच्या गल्लीत हाय, शालन. चालत गेलो असतो दोघं."

मी मडगार्डला धरून उभी राहिले.

"तू आलीस, इंजिनावर हात ठेवलास आणि म्हणालीस, ह्यांनी बांधलं. मला वाटलं, देवानंच वाट दावली. त्या दिवशी तो काम करत होता, धडधाकट होता, असंच ऱ्हाऊ दे तुझ्या मनात. माझ्या बी."

"मला फसवलंत तुम्ही."

"व्हय."

"एवढे दिवस मी इथं बसत होते. तुमच्या डोळ्यांदेखत."

"सांगितलं असतं तर तू परत माहेराला गेली असतीस," ते म्हणाले. "मग घरात मी आणि भिंती."

मला राग आला. ह्यांना जाऊन इतके दिवस झाले होते, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, तो हा राग. त्या म्हाताऱ्याचा राग आला. सोड्याच्या गाडीवाल्याचा आला, ज्याचा काही संबंध नव्हता. सगळ्यांत जास्त ह्यांचा आला. आज बांधून टाकतो म्हणून सांगून डबा घेऊन निघाले आणि दिवसभर ढेकर देत बसले, आणि रात्री घरी येऊन मला चकार शब्द बोलले नाहीत. मला तो टॉवेल मामंजींच्या अंगावर फेकावासा वाटला. मी तो फेकला नाही. काय करावं ते सुचेना म्हणून मी पाइप जागेवर लावला, बोल्ट आवळले आणि गाडी चालू केली.

इंजिन गुरगुरलं. ब्रीदरच्या तोंडाशी हात नेला तर गरम वाफ भसाभसा येत होती. वरचं झाकण कोरडं राहिलं. पंप कोरडा. चेंबरची कड कोरडी. मी स्वतः खड्ड्यात उतरले आणि मागं बघितलं. तिथं थेंब धरत होता. हळू, पण धरत होता आणि पडत होता. इतके दिवस तुंबलेल्या दाबानं मागचं सील जागचं हललं होतं. ब्रीदर मोकळा झाला तरी ते आता आपोआप जागेवर बसणार नव्हतं.

मी वर येऊन इंजिन बंद केलं. "सील गेलंय," मी म्हटलं.

मामंजींनी मान हलवली. "येऊ दे उद्या मगदूमांचा टेम्पो. पुण्याला खोलतील. तुला बघाया नको."

"पुण्याला कशाला? खोला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी नजर काढून घेतली नाही.

"आपणच खोलू, मामंजी. आत काय ठेवलंय आता?"

"तू घरला जा. मी करतो."

"तुम्हाला दिसतंय का नीट? एकदा चाचपून बांधलंय तेवढं पुरे झालं. मला सांगा, कुठला पाना."

गिअरबॉक्स उतरवायला यल्लाप्पा संध्याकाळी मोकळा होणार होता. तोवर तेल काढून चेंबर सोडवता येणार होता. आम्ही दोघं खड्ड्यात उतरलो. खाली दोन माणसांना जेमतेम जागा. मामंजींनी तेलाचा नट काढला. तेल परातीत पडलं, काळपट, कोमट. परात भरली ती मी डब्यात ओतली आणि परत खाली धरली. मग ते एकेक बोल्ट सोडायला लागले. चाचपत का होईना, पाना बोल्टवर बरोबर बसत होता. सुटलेला बोल्ट ते माझ्या हातात द्यायचे आणि मी तो कट्ट्यावर ओळीनं ठेवायची. सगळे बोल्ट निघाले तरी चेंबर शेलॅकनं चिकटून होता. मी सुरी घेतली आणि माझंच पॅकिंग कडेकडेनं कापत गेले. मग मामंजींनी दोन्ही हातांनी चेंबर खालून पेलला आणि मी एका हातानं परात खाली धरून दुसऱ्यानं हातदिवा वर धरला.

आत सगळं चकचकीत होतं. क्रँक, त्याच्यावर बसलेले चार दांडे, नटांची एकेक जोडी, सगळं स्वच्छ, तेलात भिजलेलं. म्हाताऱ्यानं फार सुरेख बांधलं होतं. मी दिवा पुढं नेला, मागं नेला. एकेक कोपरा बघितला. कुठंही हे नव्हते. त्यांचं बोट लागलेलं काही नव्हतं. ते घरी नव्हते, बाकड्यावर नव्हते आणि इथंही नव्हते. मी दोन महिने ज्याची राखण करत बसले होते, ते बंद असतानाही रिकामंच होतं. हे मेले होते.

ते मला त्या खड्ड्यात कळलं, आणि माझ्या तोंडातून असा आवाज निघाला की वर रस्त्यावर कुणीतरी थांबलं. मी तोंडाला हात लावला नाही. एका हातात दिवा होता, दुसऱ्यात परात. नाकातोंडातून पाणी वाहायला लागलं आणि मी ह्यांना नावानं हाक मारली, जी मी त्यांच्या हयातीत कधी मारली नव्हती.

मामंजींचे दोन्ही हात चेंबरखाली अडकले होते. त्यांना मला धरता येईना आणि चेंबर सोडताही येईना. तो एका बाजूला कलला आणि तळाशी उरलेलं तेल माझ्या मनगटावरून कोपराकडे वाहायला लागलं.

"शालन," ते म्हणाले. "परात सरळ धर गं पोरी. तेल सांडालंय."

मी परात सरळ धरली आणि रडत राहिले.